हरलेल्यांनी उद्या परत यायचं

राजापेठेत आमच्या गल्लीत शिकवणी वर्गांच्या पाट्या इतक्या झाल्या आहेत की घरांचे नंबर दिसत नाहीत. गणित, विज्ञान, इंग्रजी, स्पर्धा परीक्षा. संध्याकाळी पोरांच्या गाड्या अशा लागतात की भाजी आणायला जायचं म्हटलं तर अंग चोरून निघावं लागतं. निवृत्त होऊन मी इथं राहायला आले तेव्हा समोरच्या क्लासच्या सरांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "मॅडम, तुमचा विषय कोणता?" मी म्हटलं, "कविता." ते थोडं थांबले. पुढं अजून काही येईल असं त्यांना वाटलं असावं. काही येईना तेव्हा "छान, छान" म्हणाले आणि खिशात गाडीची किल्ली शोधू लागले.

खरं तर जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई सगळंच शिकवते. गणित शिकवते, खिचडी शिजली का बघते, लस टोचायला पोरं धरून ठेवते, निवडणुकीत शाई लावते. मीही तेच केलं, अकोला जिल्ह्यात, बहुतेक नोकरी अकोटच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी. पण कुणी विचारलं तर मी कविताच सांगते. ज्याच्यात आपला हात बसला तो आपला विषय.

कविता शिकवणं म्हणजे अर्थ सांगणं, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. कामात तो भाग सर्वांत शेवटी येतो, आणि कधी कधी येतच नाही. आधी पुस्तक मिटून ठेवायचं आणि आपण म्हणायची. मग चाल लावायची. चाल मुलांच्या कानात आधीपासून असलेली पाहिजे: आरतीची, लग्नातल्या बँडची, कापूस वेचताना बाया गातात तिची. एकदा चाल बसली की शब्द आपोआप त्यात जाऊन बसतात, आणि मग चार दिवसांनी एखादं पोट्टं मधल्या सुट्टीत येऊन विचारतं, "मॅडम, त्या कवितेत असं कावून म्हटलं?" त्या वेळी सांगायचा अर्थ. आमचे एक साहेब तपासणीला आले तेव्हा अख्खा वर्ग बाकांवर ठेका धरून गात होता. ते दारातूनच म्हणाले, "मॅडम, अभ्यास कधी सुरू होतो?" मी म्हटलं, "सर, आत्ता संपत आलाय." त्या वर्षी माझा शेरा जरा पातळच आला.

आता ज्या गावाबद्दल सांगणार आहे त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या माझ्या विद्यार्थिनी आता आया झाल्यात, फोनवर फोटो पाठवतात, आणि नाव छापलं तर भांडतील. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेले भाव, आटलेल्या विहिरी. गावात कुणाच्या घरी काय झालं हे मुलांच्या चेहऱ्यावरून कळायचं, आणि एखादं पोर शाळेत गप्प बसलं तर आम्ही त्याला काही विचारत नसू. अशा गावाच्या शेजारी, एका उन्हाळ्यात, एक दुसरं गाव येऊन उतरलं.

वर डोंगरात वाघांसाठी जंगल राखायचं ठरलं आणि तिथलं एक कोरकू लोकांचं गाव हलवून खाली आणलं. माणसं, शेरडं, कोंबड्या, दारांच्या चौकटीसुद्धा ट्रकमध्ये घालून आणल्या. पत्र्याची घरं सरळ ओळीत उभी राहिली. ती ज्या जमिनीवर उभी राहिली ते आमच्या गावाचं गायरान होतं. गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरत. त्या सालात वैरण आधीच मिळत नव्हती, तेव्हा गावाला राग आला यात काही नवल नाही. कोरकूंना कुणी विचारलं नव्हतं आणि गावालाही कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं ते लांब होते, म्हणून हे दोघं एकमेकांवर चिडले.

जूनमध्ये नव्या वस्तीतली काही मुलं आमच्या शाळेत आली. दाराजवळ, शेवटच्या ओळीत बसायची, पळून जायला सोपं अशी. चौथीत आली ती रामकली. केसाला तेल, अंगात भावाचा शर्ट, डोळे खाली. घरात कोरकू, बाजारात हिंदी, आणि मराठी ऐकून ऐकून थोडी कळायची, पण ती बोलत काहीच नसे. हजेरीलासुद्धा हात वर करायची.

त्याच वर्गात उज्वला होती. तिच्या वडिलांची गुरं गावात सगळ्यांत जास्त. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, आणि वर्गातल्या पोरी तिच्या नजरेवर चालायच्या. पहिल्याच आठवड्यात तिनं मला ऐकवलं, "मॅडम, ह्या लोकायनं आमचं गायरान खाल्लं. आमची कपिली गाय उपाशी ऱ्हाते." घरात रात्री जे बोललं जाई ते सकाळी मला वर्गात ऐकायला मिळे.

मी आधी सगळ्या बायांनी केलं असतं तेच केलं. सगळे एक, सगळे समान, असं भाषण दिलं. मुलांनी शहाण्यासारखं ऐकलं आणि सुट्टीत दोन वेगळे घोळके करून खेळली. मग मी एक कविता रचली. झाड तोडल्यावर घरटं गेलेल्या पाखराची. चाल चांगली लागली होती, अजून आठवते. वर्ग हळहळला. उज्वलाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं! मधल्या सुट्टीत बाहेर आले तर शाळेच्या आवारातल्या हापशीवर रामकली पाणी प्यायला वाकलेली, आणि उज्वला दांडा धरून म्हणतेय, "इथं नाई. तुमच्या जंगलात जाऊन प्या." पाखरासाठी आलेलं पाणी अजून तिच्या गालावर वाळलं नव्हतं.

रामकली सरळ उभी राहिली. तोंड पुसलं आणि फाटकातून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या मागं वस्तीतलं एकही पोर आलं नाही.

आमचे मुख्याध्यापक खानसर बाळापूरचे. रोज तिथून यायचे, मराठीत सुरुवात करायचे आणि जिवावर आलं की हिंदीत शिरायचे. मी पाखराच्या कवितेची कर्मकहाणी सांगितली तर म्हणाले, "मॅडम, कविता से घास नहीं उगती." आणि लगेच गाडी काढली. "चला, पोरांच्या घरी जाऊन येऊ."

रामकलीचे वडील बाबूलाल अंगणात कुंपणाच्या काड्या बांधत होते. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. मी म्हटलं, "रामकलीला पाठवा शाळेत." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरगी वापस वर जाते. मामाचं गाव हाललं नाई अजून. तिथं बकऱ्या राखील."

"आणि शाळा?"

"शाळंत काय करते ते? तुमीच म्हणता, बोलत नाई म्हणून." मग हातातली गाठ आवळून ते म्हणाले, "इथं आमाले पाणी बी इचारून प्या लागते. तिथं तं तिची नदी हाये."

"कधी जायचंय?"

"येत्या पुनवेच्या पुढची पुनव. मामा बाजाराले येते, त्याच्यासंगं."

रामकली दाराआड उभी होती. तिचं अर्धं तोंड दिसत होतं. मी मनात हिशेब केला. येती पौर्णिमा भाद्रपदाची. त्याच्या पुढची कोजागिरी. म्हणजे एक महिना. आणि तो महिना वऱ्हाडात पोरींचा असतो, कारण तो भुलाबाईचा महिना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीपर्यंत राहते. मातीची भुलाबाई, तिचा भुलोजी, मांडीवर बाळ. पार्वती भिल्लिणीचं रूप घेऊन आली ती भुलाबाई, असं आमच्याकडं सांगतात. रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन एकेकीच्या घरी जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरचा खाऊ ओळखतात. खाऊ डब्यात झाकलेला. डबा हलवून, वास घेऊन, प्रश्न विचारून ओळखायचा: गोड की तिखट, घरचा की दुकानचा. आमच्या त्या गावात एक जादा नियम होता. कुणालाच ओळखता आला नाही तर डबा उघडायचा नाही. हरलेल्यांनी उद्या परत यायचं. अगदीच नाही जमलं तर कोजागिरीला राहिलेले डबे उघडायचे. पण उज्वला असताना दुसरा दिवस कधी उजाडला नव्हता. शेंगदाणा भाजका की कच्चा हे ती आवाजावरून सांगायची.

माझ्या घरी भुलाबाई कधी बसली नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले जुने देव गेले, आणि त्याबद्दल मला आजही अभिमानच आहे. पण मी लहानपणी धामणगाव रेल्वेला होते, आणि समोरच्या घरी पोरी गायच्या तेव्हा मी त्यांच्या फाटकाबाहेर उभी राहायची. गाणी सगळी मला पाठ होती. आत कुणी बोलावलं नाही. शेवटी त्या घरच्या काकू खाऊ आणून द्यायच्या, कागदावर, वरून टाकून. त्या काकू वाईट नव्हत्या. खाऊही चांगला असायचा. पण फाटकाबाहेर पाठ केलेली गाणी विसरत नाहीत, आणि दाराआडचं रामकलीचं अर्धं तोंड पाहिलं तेव्हा मला स्वतःचीच ओळख पटली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्या पोरी गुणगुणत होत्या. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, यंदा आपण भुलाबाईचं नवं गाणं करायचं. पहिली ओळ मी देते, दुसरी तुम्ही घरून आणायची. फळ्यावर लिहिलं:

माय माही आली, काय सोडून आली?

"आज घरी जाऊन आईला विचारा. लग्न करून इथं आली तेव्हा माहेरी काय सोडून आली? एकच गोष्ट." पोरांनी कुरकुर केली, भुलाबाई पोरींची असते म्हणून. मी म्हटलं, "आई पोरांनाही असते."

मुलं दुसऱ्या दिवशी आली ती जरा वेगळीच. त्यांच्या लक्षातच कधी आलं नव्हतं की आई कुठून तरी आलेली आहे. आई म्हणजे घराचीच एक वस्तू, चुलीसारखी, तिथंच असलेली. एकेक ओळ निघू लागली. जांभळाचं झाड गं, बांधावर सोडून आली. पाटी अन् पेन्शील गं, फळीवर सोडून आली. धाकला भाऊ गं, वेशीत सोडून आली. ही शेवटची ओळ एका मुलानं म्हटली आणि मग बाकावर डोकं ठेवून बसला. मी त्याला काही विचारलं नाही.

उज्वला शेवटी उभी राहिली. "मॅडम, आई पयले तं चिडली. म्हणे, कावून इचारून राह्यली? मंग भाकर थापता थापता बोलली." आणि तिनं म्हटलं:

माय माही आली, काय सोडून आली?
झऱ्याचं पाणी गं, ओंजळीत सोडून आली.

"आईच्या गावाले झरा होता. इथं आली तवा सासूनं हापशीवर इतरायच्या मागं उभं केलं म्हणे. नवी हाये म्हणून." हे सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला आणि ती खाली बसली. मी फळ्याकडं वळले. असल्या वेळी बाईनं खडू शोधावा.

मग कुणीतरी म्हणालं, "पण आई जाते ना माहेरी. दिवाळीत."

"जाते," मी म्हटलं. "पण रामकलीच्या आईचं काय? तिचं घर, झाड, विहीर, सगळं गावच उठवलं. ती जे सोडून आली तिथं तिला परत जाताच येत नाही." आणि मग रामकली कोजागिरीला मामाबरोबर परत जाणार आहे, बकऱ्या राखायला, शाळा कायमची सोडून, हेही सांगितलं. "तिच्या आईची ओळ आपल्याजवळ नाही. कुणी आणेल का?"

कुणी हात वर केला नाही. बरेच दिवस गेले. गाणं गावात पसरलं, बाया शेतातसुद्धा म्हणू लागल्या, पण ती एक ओळ रिकामीच होती आणि पोरी तिथं आल्या की टिपऱ्या वाजवून वेळ मारून न्यायच्या. कोजागिरी जवळ आली तेव्हा मी साधं विचारलं, "वर्गातल्या कुणाच्या घरची पाळी राहिली?" पोरींनी बोटं मोजली आणि उज्वलाकडं पाहिलं.

उज्वला म्हणाली, "ते तं शाळेत येतच नाई."

"येत नाही की आपण येऊ दिलं नाही?"

त्या संध्याकाळी गावात वाद झाला म्हणे. जंगलातल्या लोकांच्या घरी भुलाबाईची गाणी कशी म्हणायची, असं हापशीवर बाया बोलत होत्या. उज्वलाची आई घागर भरत होती. एरवी फार न बोलणारी बाई. ती म्हणाली, "भुलाबाई कोठची होती मंग? भिल्लीण ना? जंगलातलीच हाये ते." घागर कमरेवर घेतली आणि निघाली. हे मला तिनंच पुढं सांगितलं, आणि सांगताना स्वतःच लाजली.

सकाळी उज्वला माझ्या टेबलाशी आली. "आज जातो आमी रामकलीच्या घरी. पण तिच्या मायले सांगा मॅडम, खाऊ झाकून ठेवा लागते. नाईतं ते आधीच देऊन टाकन."

ही कामगिरी खानसरांनी घेतली. कोरकू कुटुंबाला भुलाबाईचे नियम हिंदीत समजावून सांगणारे बाळापूरचे खानसर, हे दृश्य माझ्या नोकरीतल्या आवडत्या दृश्यांपैकी आहे. "भाभी, डब्बा एकदम बंद. लडकियाँ कितना भी पूछें, हाँ या नहीं. मुँह से चीज़ का नाम नहीं निकलना चाहिए, चाहे जान जाए." रामकलीची आई फुलाय पदरात तोंड लपवून हसत होती. परत येताना खानसर मला म्हणाले, "अब आप कुछ मत बोलिए. घास की बात मैंने कही थी, मुझे याद है."

संध्याकाळी पोरी वस्तीवर निघाल्या. सर्वांत पुढं उज्वला, आणि तिच्या हातातल्या ताटात चक्क भुलाबाई. एरवी भुलाबाई बसली त्या घरातून हलवत नाहीत. मी पाहिलं तर ती म्हणाली, "माहेरी आलेली बाई हाये मॅडम. एकाच ठिकाणी कावून बसंल?"

फुलायनं अंगण सारवून ठेवलं होतं. पत्र्याच्या भिंतीला आतून माती लिंपून वर पांढऱ्या मातीची चित्रं काढली होती, मोर आणि माणसांची रांग. बाबूलाल कुंपणाशी उभे राहिले. वस्तीतली सगळी पोरं जमली. आमच्या पोरी आधी अवघडल्या. मग एक टिपरी वाजली, दुसरी वाजली, आणि फेर सुरू झाला. जुनी गाणी झाली, मग नवं आलं. एकेकीनं आपल्या आईची ओळ म्हटली. रिकामी जागा आली. टिपऱ्या थांबल्या. कुणी वेळ मारून नेली नाही.

रामकलीनं आईकडं पाहिलं. फुलाय कोरकूत हळू काहीतरी बोलली. आणि जी पोरगी माझ्या वर्गात महिनोन्‌महिने हजेरीलाही बोलली नव्हती, तिनं चालीत म्हटलं:

माय माही आली, काय सोडून आली?
आज्याचं लाकूड गं, झाडाखाली सोडून आली.

पोरींना काही कळलं नाही. उज्वलानं विचारलं, "कायचं लाकूड?"

रामकली थांबत थांबत म्हणाली, "आमच्यात मानूस मेला का त्याचं लाकूड घडवते. त्याच्यावर चंद्र, सूर्य, घोडा काढते. झाडाखाली उभं करते. ट्रकवाला म्हणे, ते नाई घेऊन जाता येत. तिथंच राह्यलं."

"आता तिथं कोनीच नाई?"

"नाई."

"आजा एकटाच हाये?"

"एकटाच."

उज्वलानं टिपऱ्या एका हातात घेतल्या आणि मोकळा हात रामकलीच्या खांद्यावर ठेवला. कवितेचा अर्थ सांगायची वेळ आलीच नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबूलाल कुंपणाकडं तोंड करून उभे होते.

मग डबा आला. पोरी लगेच पोरी झाल्या. "गोड का तिखट?" "गोड," रामकली म्हणाली. "दुकानचं?" "नाई." मनुका? नाई. खारीक? नाई. गुळाचे फुटाणे, साखरेचे लाडू, बोरं, शेवया, सगळं झालं. शेवटी डबा उज्वलाकडं गेला. तिनं कानाशी हलवला, झाकणाच्या फटीला नाक लावलं. बाबूलालकडं पाहिलं, रामकलीकडं पाहिलं, आणि डबा खाली ठेवला.

"हरलो," ती म्हणाली. "उद्या परत येतो."

पोरींना धक्काच बसला. उज्वला हरली! मला वाटलं, फार बोचलं असणार तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकली शाळेत आली. तिला यावंच लागलं असणार, कारण रस्त्यात पोरी उभ्याच होत्या, डब्यातला खाऊ ओळखत. दिवसभर ओळखणं चाललं. मी गुणाकार सांगतेय आणि मागून कुणी कुजबुजतंय, "मखाने?" आणि रामकली मान हलवून, आता खुदकन हसून, म्हणतेय, "नाई." हजेरीला ती अजून हातच वर करायची; माझ्या वर्गात तिनं मोठ्यानं म्हटलेला पहिला शब्द तो. तिच्या मागून वस्तीतली बाकीची पोरंही हळूहळू परत आली, आणि सगळ्यांना डब्यात काय आहे ते माहीत होतं, आणि एकानंही सांगितलं नाही. संध्याकाळी पोरी परत वस्तीवर, परत हरल्या. त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी परत. हापशीवर आता उज्वला आणि रामकली एकदम जायच्या, एक दांडा मारायची आणि दुसरी प्यायची, मग उलट.

इथं एक सांगायला हवं. गायरानाचा तंटा या गाण्यानं मिटला नाही. तो पुढं बरीच वर्षं चालला, तहसिलात आणि कोर्टात, आणि त्यात दोन्ही बाजूंची माणसं थकली. बाबूलाल आणि उज्वलाचे वडील एकमेकांशी धड बोलले ते फार उशिरा. आज्याचं लाकूडही अजून तिथंच असेल, असलं तर. खानसर म्हणायचे तेच खरं, कवितेनं गवत उगवत नाही. मला जे करता आलं ते चौथीच्या खोलीएवढंच होतं, आणि ती खोली लहान होती. याची चुटपुट मला आहे.

कोजागिरीच्या दिवशी बाजार होता आणि रामकली शाळेत आली नाही. मामा उतरला असणार, हे आम्हाला सगळ्यांनाच कळलं. उज्वला खिडकीतून वस्तीच्या रस्त्याकडं बघत राहिली. मी त्या दिवशी कविता घेतली नाही. खानसर दोनदा वर्गाच्या दारात येऊन गेले.

मी त्या गावात एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. दिवेलागणीला दारात टिपऱ्या वाजल्या. उघडलं तर सगळा घोळका. "मॅडम, आज तुमच्या घरची पाळी." माझ्या दारात आजवर कधी भुलाबाई आली नव्हती. सकाळी पोरींच्या कानगोष्टी कानावर आल्या होत्या, म्हणून मी घाईनं चिवडा करून झाकून ठेवला होता. मी घोळक्यात शोधत होते. उज्वला दिसली, तिच्या हातात ताट नव्हतं. मग पोरी बाजूला झाल्या. मागून रामकली पुढं आली. भुलाबाईचं ताट तिच्या हातात होतं, आणि काखेत तिचा तो डबा.

पोरींनी गाणी म्हटली. माझी आई काय सोडून आली तेही विचारलं, आणि मी सांगितलं. माझा चिवडा त्यांनी डबा न हलवताच ओळखला. "फोडनीचा वास रस्त्यावर येऊन राह्यला मॅडम," म्हणाल्या. मग राहिलेल्या डब्याची पाळी आली. कोजागिरी होती, आज उघडायचाच. पोरींनी शेवटचं म्हणून परत सगळं ओळखून पाहिलं. डबा उज्वलाच्या हातात आला. तिनं तो हलवला नाही, वासही घेतला नाही.

"मामा गेला?" तिनं विचारलं.

"गेला," रामकली म्हणाली. "दुपारच्या गाडीनं. माय म्हणे, डबा बंद हाये, पोरी येतीन, कशी धाडू? मंग बा बी म्हणे, राहू दे."

"एकटाच गेला?"

"एकटाच."

"मोहफुलं," उज्वला म्हणाली. "भाजलेले. वरून तीळ लावले."

रामकली तिच्याकडं बघतच राहिली. "तुले कवापासून मालूम?"

"पयल्या दिवसापासून. आमच्या बैलाले देते ना बाबा, वास लगेच कळते." उज्वलानं डबा तिच्या हातात दिला. "सांगतलं असतं तं गेली असती ना तू."

रामकलीनं झाकण काढलं. पहिली मूठ तिनं उज्वलाला दिली. मग माझ्यापुढं आली आणि दुसरी मूठ माझ्या हातावर ठेवली, तिचा हात माझ्या हाताला टेकवून.